तीन चांगल्या कॉइल्स

मिलिंद गेल्याचं कळलं तेव्हा मी इथे जर्मनीत, हेर्त्सोगेनआउराख गावाच्या बसथांब्यावर उभा होतो, आणि तोही नेहमीप्रमाणे रस्त्याच्या चुकीच्या बाजूला. एर्लांगनच्या दवाखान्यात त्यालाच भेटायला निघालो होतो. तेवढ्यात त्याच्या बायकोचा, नंदावहिनींचा फोन आला. "भावोजी, आता घाई करू नका," एवढंच म्हणाल्या. समोरच्या थांब्यावर माझी बस आली, थांबली, निघून गेली. एरवी हा किस्सा मी मिलिंदला रंगवून सांगितला असता आणि तो म्हणाला असता, "शहाण्या, तुला रस्ता ओलांडायलाही मॅन्युअल लागतं." माझ्या फजितींचा तो हक्काचा श्रोता होता. आता फजिती होते आणि तशीच अंगावर राहते...

मिलिंद सांगलीचा, इथल्या एका मोठ्या कंपनीत इंजिनाचे भाग तपासणारा इंजिनिअर. त्याचं एक तत्त्व होतं: जे बिघडलं तेवढंच बदलायचं. मोज्याला भोक पडलं तर एकच मोजा टाकायचा. "दुसऱ्याने काय गुन्हा केला?" ऑफिसात जर्मन लोक त्याचे पाय बघायचे आणि सभ्यपणे नजर वर घ्यायचे. त्याची जुनी चंदेरी गाडीही याच तत्त्वावर चालायची. तिचे किती भाग मूळचे आणि किती नंतरचे, हे फक्त त्यालाच ठाऊक. मी कॉम्प्युटरवाला. गाडी बंद पडली की सगळे जण उतरून पुन्हा बसू या, एवढाच माझा सल्ला असायचा.

गेल्या शरदात, त्याचे उपचार चालू असताना, ती गाडी सुरू केली की थंडी भरल्यासारखी थरथरायला लागली. "इग्निशन कॉइल," तो खुर्चीतूनच म्हणाला. इंजिनाच्या चार सिलिंडरना ठिणगी देणाऱ्या चार कॉइल्स, त्यातली एक गेली होती. त्याला आता वाकवत नव्हतं, म्हणून हात माझे आणि अक्कल त्याची असं ठरलं. पण मी अतिउत्साही. त्याला न विचारता गाडीचं नाव आणि साल टाकून, फोटोत बघून कॉइल मागवून मोकळा झालो. ती आली, दिसायला जुळी बहीण, पण वायरीचा प्लग काही केल्या तिच्यात जाईना. मी वहिनींचं लाटणं आणून हलकेच ठोकू लागलो. अंगणात शाल घेऊन, कानटोपी घालून बसलेला मिलिंद ओरडला, "अरे, जावई आहे का तो, आग्रहाने बसवायला?" मग शांतपणे म्हणाला, "एकाच सालच्या गाडीत दोन तऱ्हेच्या कॉइल्स असतात. आधी जुनी काढ, तिच्यावरचा नंबर वाच, मग मागव."

मी काढली, चष्मा वर-खाली करत नंबर वाचला, आणि दोनदा चुकून तिसऱ्यांदा बरोबर वाचला. "गेनाऊ, अगदी बरोबर," तो म्हणाला. "गाडीला मुळात ज्या कंपनीची होती तिचीच घे, स्वस्तातली नको. आणि चार मागव."

मला वाटलं, औषधांमुळे गोंधळलाय. "एकच गेलीय ना?"

"चौघी एकाच वयाच्या आहेत. एक गेली की बाकीच्याही मागोमाग जातात."

"मग जातील तेव्हा बघू. तूच म्हणतोस, दुसरीने काय गुन्हा केला?"

त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. आत वहिनी पोळ्या करत होत्या. त्यांना नुकताच गाडी चालवायचा परवाना मिळाला होता, कामावर जायला ही गाडी लागणार होती.

"नंदा आउटोबानवर, भर हायवेवर असताना दुसरी गेली, तर तेव्हा बघणार कोण? तू?... लाटणं घेऊन?"

आम्ही दोघंही हसलो. मग मी बॉनेटखाली डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही. तिथे मला करण्यासारखं काहीही नव्हतं.

नव्या चारही कॉइल्स आल्या, तेव्हा लाटणं न लागता बसल्या. मिलिंद डोळे मिटून इंजिन ऐकत राहिला. "पुरे," म्हणाला, "आता बंद कर." काढलेल्यांपैकी तीन त्याने जुन्या पंच्यात गुंडाळून माझ्या हातात दिल्या. "टाकू नकोस. चांगल्या आहेत."

त्याला जाऊन आता काही आठवडे झाले. परवा वहिनी डबा द्यायला आल्या. बाहेर काचांवर बर्फ होतं. मी विचारलं, "गाडी काही त्रास देते का हो?"

"नाही भावोजी. पहिल्या फटक्यात सुरू होते." मग किल्ली हातात फिरवत म्हणाल्या, "एकदा तरी अडायला हवी होती हो. कुरकुर करत का होईना, हे बाहेर येतील असं वाटलं असतं..."

त्या गेल्या. गाडी खरंच पहिल्या फटक्यात सुरू झाली, कोपऱ्यावर वळेपर्यंत मी कान देऊन ऐकलं. एकही ठोका चुकला नाही.

डबा ठेवायला ओटा आवरला, तेव्हा खणातला पंचा हाताला लागला. माझ्याकडे गाडी नाही, पुढे घ्यायचा विचारही नाही. तिन्ही कॉइल्स पुसल्या आणि परत गुंडाळून ठेवल्या.