रडणाऱ्या मुलांची उंची

फळीमावशीचं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. दर काही वर्षांनी आरोग्याची मोठी पाहणी निघाली की ती मुलांची उंची मोजायची लाकडी फळी पाठीला अडकवून घरोघर हिंडायची. मागून बघणाऱ्याला वाटावं, एखादं दारच चौकट सोडून फिरायला निघालंय. फळीच्या एका टोकाला डोकं टेकवायचा पक्का ठोकळा, दुसऱ्या टोकाकडून पावलांपर्यंत आणायची सरकती पट्टी आणि कडेने मिलिमीटरच्या बारीक रेघा. दोन वर्षांच्या आतलं मूल तिच्यावर उताणं झोपवायचं. एकीने डोकं धरायचं, दुसरीने पाय. आकडा वाचते ती पाय धरणारी, म्हणून जोडीत मान तिचा. डोकं धरणारीने तो आकडा मोठ्याने परत म्हणायचा आणि टिपून घ्यायचा.

पाय फळीमावशीकडे, डोकं चिमीकडे. चिमी म्हणजे तिची धाकटी नणंद. पहिल्या पाहणीच्या वेळी जोडीला कुणी मिळेना, तेव्हा मावशीने तिला चार दिवसांसाठी म्हणून ओढून नेलं. चिमीची स्वतःची मुलं कॉलेजात गेली तरी ते चार दिवस संपले नव्हते. "इतरांच्या वहिन्या नणंदांना साड्या देतात," चिमी वाटेत भेटेल त्याला सांगायची. "आमच्या वहिनीने मला लोकांच्या पोरांची डोकी दिली."

एका घरात फळी जमिनीवर ठेवली तशी कोपऱ्यातल्या आजी ताडकन उठल्या. "हे मुडद्याचं फळकूट आधी बाहेर न्या! माझा नातू काय मेलाय?"

मावशी वादात पडलीच नाही. चपला काढून स्वतःच फळीवर आडवी झाली. कमरेपासून खालची सगळी मावशी जमिनीवर. "बघा आजी, मेले का मी? फक्त अख्खी फळीवर मावत नाही, एवढंच."

आजींनी हसू दाबलं, पण नातू हवाली केला. वर विचारलं, "इतकी मोजामोज करून कुणाचं भलं होतं?"

हा प्रश्न मावशीच्या आवडीचा. वजन तापाने उतरतं आणि चार घास पोटात गेले की परत येतं, ती सांगायची, उंचीचं तसं नाही. पोटुशी असताना आईला काय खायला मिळालं, पोर कसलं पाणी प्यालं, कितीदा हगवण लागली, सगळं हाडांत उतरतं. अशा हजारो पोरांच्या उंचीवरून कळतं की देश पुढे सरकला की नुसताच जागच्या जागी पाय आपटत राहिला. आणि मोजायची रीत सगळीकडे एकच असल्यामुळे इथला आकडा समुद्रापलीकडच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. एवढं बोलून ती पोराचं टोपडं काढायला घ्यायची. आत्ता या घटकेला कुठेतरी दुसरी एक बाई अशीच गुडघे टेकून, आपल्याला न कळणाऱ्या भाषेत, एखाद्या पोराला "झालं हं, झालं" म्हणत असेल, हे तिला दिसायचं. त्या बाईशी तिचं काहीतरी नातं होतं. कोणतं, ते तिला सांगता आलं नसतं.

प्रत्येक पाहणीआधी मोजणाऱ्यांची परीक्षा होई. शाळेच्या रिकाम्या सभागृहात आया मुलं घेऊन येत, प्रत्येक जोडी प्रत्येक मूल मोजे, मग शिकवणाऱ्या मॅडम तेच मूल मोजत. दोन्ही आकड्यांत फरक फार पडला तर त्या जोडीला पाहणीवर पाठवत नसत. फळीमावशी नेहमीच पास होत आली होती. पण या वेळच्या मॅडम नव्या होत्या, वयाने तिच्या सुनेएवढ्या, आणि त्यांनी मुलं दुपारी बोलावली, ऐन झोपेच्या वेळी. "घरोघर मुलं काय हसतमुख बसलेली असतात?" त्या म्हणाल्या.

सभागृहात नुसता कल्लोळ. एका पोराने फळी ओली केली, दुसऱ्याने चिमीचा चष्मा ओढला. एक आई म्हणाली, "एवढं ताणून धरताय, तर दोन बोटं जास्तच भरू द्या."

संध्याकाळी मॅडमनी दोघींना बाकावर बसवलं.

"मावशी, एक बोलू? वाईट वाटून घेऊ नका."

"बोला की."

"तुमची न रडणारी मुलं माझ्या मापाइतकीच भरतात. रडणारी तेवढी बुटकी निघतात."

मावशीला आधी हसूच आलं. "रडलं म्हणून कुणी आखूड होतं का?"

"कुणी अर्धा सेंटिमीटर, कुणी जवळजवळ एक. रडताना मूल गुडघे वर घेतं. तुम्ही ते दाबता, अगदी बरोबर दाबता. पण पट्टी टाचेला टेकायच्या आत तुमचा हात हलका होतो आणि गुडघे परत वर येतात. मी दुपारभर तेच बघत होते."

चिमी उसळली. "अहो मॅडम, किती वर्षं करतेय ती हे काम!"

"तेच तर," मॅडम म्हणाल्या आणि हातातले कागद नीट करू लागल्या. त्यांना जे बोलवेना ते मावशीला कळलं. इतकी वर्षं, म्हणजे इतकी मुलं.

"मागचं आता आपल्या हातात नाही," मॅडम म्हणाल्या. "उद्या परत बघू. उद्याही हेच झालं तर मला तुम्हाला पाठवता येणार नाही. आणि खरं सांगू? मला पाठवायचंय. तुम्हाला बघून आया दार उघडतात."

घरी आल्यावर मावशीने भाजी चिरायला घेतली ती गरजेपेक्षा दुप्पट चिरली. चिमी ओट्याला टेकून बघत राहिली.

"आता उद्याचीही चिरणार का?"

"हात चालू आहेत तोवर चिरते. बाकी कशाला आता त्यांचा उपयोग नाही म्हणे."

"वहिनी, मॅडमचं चुकलंय का? तू सांग."

मावशीने सुरी खाली ठेवली. तिचा मुलगा जन्मला तेव्हा त्याची दोन्ही पावलं आत वळलेली होती. डॉक्टर दर आठवड्याला ती थोडी थोडी सरळ करून प्लॅस्टर घालायचे, आणि तेवढा वेळ त्याचे गुडघे धरून ठेवायचं काम आईचं. तो किंचाळायचा आणि तिच्याकडेच बघायचा. आता तो शिड्या चढून लोकांच्या घरचे पंखे बसवतो, त्याला यातलं काहीही आठवत नाही. तिच्या हातांना मात्र आठवत होतं. पोराने हंबरडा फोडला की हात आपोआप सुटायचे, तिला न विचारता.

"चुकलेलं नाही," ती म्हणाली. "पण माझ्याच्याने धरवत नाही गं. तेवढं एक लेकरू सुटलं तर सुटलं, असं वाटतं."

"आणि त्याच्या आईचं काय?" चिमीचा आवाज चढला. "तिने दुखणी काढली, पाणी उकळून पाजलं, स्वतःच्या ताटातलं त्याला भरवलं. त्यातून पोर बोटभर वाढलं. ती बोटभर उंची तू काढून घेतेस आणि वर जगाला सांगतेस की हिचं पोर खुजं आहे. ही कसली माया?"

मावशीने चिरलेली भाजी ताटात एकसारखी केली.

"आणि तुझ्या लेकाचे पाय सरळ झाले ते धरलेस म्हणूनच झाले ना?"

"मला शिकवू नकोस."

"मग कोण शिकवणार? दादा? त्याला तर घरात सेंटिमीटरची पट्टी कुठे असते तेही ठाऊक नाही."

बाहेरच्या खोलीतून दादांचा आवाज आला, "टेबलाच्या खणात!" तशी दोघी मनात नसताना हसल्या. पण जेवताना मावशीने भाताला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी पहिली मुलगी आली ती कालच्या मुलांपेक्षा जोरात रडणारी. मावशीने दात आवळले, गुडघे दाबले, पट्टी टाचेला भिडवली, आकडा वाचला. मॅडमचा आणि तिचा आकडा जवळजवळ एकच निघाला. चिमीने डोळ्यांनी शाबासकी दिली. मावशीने पदराने हात पुसले.

दुसरा मुलगा गुटगुटीत होता. फळीवर ठेवताच त्याने पाय पोटाशी घेतले आणि अंगात आल्यासारखं ओरडायला लागला. तिने गुडघे खाली केले. तो श्वास अडकेपर्यंत रडला. पट्टी सरकली, टाचेपाशी आली, आणि तिला कळलं की आपला तळवा उचलला गेलाय. केसभरच. समोर बसलेल्या मॅडमना या कोनातून ते दिसलंही नसतं. पट्टीवर आकडा होता, नीट वाचता येईल असा.

"थांबा," ती म्हणाली. "हे माप धरू नका. माझा हात सुटला."

मावशीने मुलाला उचलून त्याच्या आईकडे दिलं आणि उभी राहिली. गुडघ्यांवर फरशीची धूळ होती.

"मॅडम, माझे हात काही सुधारायचे नाहीत. चिमीला पायाकडे घ्या. मी डोकं धरते."

"वहिनी!" चिमी म्हणाली. "मी आकडा कधी वाचलाय का?"

"इतकी वर्षं मी सांगितलेला परत म्हणत होतीस. आता स्वतःचा म्हण."

मॅडमनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "चालेल. नियमात बसतं. पण परीक्षा पहिल्या मुलापासून पुन्हा द्यावी लागेल. आणि मावशी, मग आकडा वाचायचं काम..."

"माहितीय मला," मावशी म्हणाली. हे बोलणं तिला सोपं गेलं नाही, आणि ते तिघींनाही ऐकू आलं.

तिने डोक्याच्या बाजूला बैठक मारली. मुलगी परत फळीवर आली. या टोकाकडून सगळंच वेगळं होतं. इतकी वर्षं तिने पोरांची पावलं पाहिली होती; त्यांचे चेहरे सगळे चिमीच्या वाट्याला गेले होते. आता उलटा, लालबुंद, भिजलेला चेहरा थेट तिच्याखाली होता आणि त्याच्याशी काय बोलायचं ते तिला सुचेना. मग तिने जे तोंडात आलं ते सुरू केलं.

"बघितलंस बाई, काय जोरात दाबते ही? हिला सगळे घाबरतात. माझ्या घरात येऊन मलाच बोलते. काल माझी भाजी मोजत होती."

मुलगी हुंदका गिळून वर बघत राहिली. नजर सरळ वर, हनुवटी जागेवर. डोकं धरणारीला पाहिजे तशीच.

"वहिनी, डोकं हलवू नकोस," चिमी पट्टीवर वाकून म्हणाली. "माझी बदनामी नंतर कर." तिच्या हातांना मुळीच शंका नव्हती. गुडघे सपाट, टाचा पट्टीला भिडलेल्या. मग ती अडखळली.

"वाच ना."

"वाचते की! घाई काय आहे?" तिने चष्मा वर सरकवला आणि आकडा म्हणाली, तोंडातल्या तोंडात.

"मोठ्याने."

चिमीने मोठ्याने म्हटला. मावशीने तो परत म्हटला आणि टिपून घेतला. दुसऱ्या कुणी वाचलेला आकडा स्वतःच्या तोंडून जाताना जरा खरखरला. मॅडमनी मोजलं, होकारार्थी मान हलवली आणि गुटगुटीत मुलाला बोलावलं.

दुपारनंतर त्या दोघी पास झाल्या. मॅडमनी हे आतल्या खोलीत न सांगता सगळ्यांसमोर सांगितलं, आणि चिमीने लगेच जाहीर केलं की यापुढे चहा आधी पाय धरणारीला मिळाला पाहिजे.

आया मुलांना टोपडी घालत होत्या. पहिल्या मुलीची आई मावशीजवळ येऊन थांबली. "मघाशी आकडा ऐकला मी. तीन महिन्यांपूर्वी दवाखान्यात मोजलं तेव्हा कमी होता. खरंच फरक पडलाय, की तुमच्या मोजण्यात काही...?"

मावशीने झोपलेल्या पोरीचं पाऊल हळूच दुपट्यात सरकवलं.

"मोजण्यात काही नाही," ती म्हणाली. "वाढलीय ती."