परळीला शिकलेला 'भ'

माझी मुलगी तीन वर्षांची असताना तापात तिला झटके आले. अंबाजोगाईच्या दवाखान्यातून घरी आणली तेव्हा ती चालत होती, तिला ऐकू येत होतं, पण बोलणं गेलं होतं. त्याआधी दिवसभर तिची टकळी चालायची. सिरसाळ्यातल्या आमच्या किराणा दुकानात येईल त्याला ती हटकायची. आता गिऱ्हाइकं तिच्याकडं बघायची आणि नजर वळवून शाम्पूच्या पुड्या मागायची.

परळीच्या एका शिबिरात मला पुण्याच्या मॅडम भेटल्या. बोलता न येणाऱ्या मुलांना बोलायला शिकवणं हेच त्यांचं काम. त्यांना सारखं इकडं येणं जमणार नव्हतं. म्हणाल्या, "परळीत नेटकॅफे निघालाय ना? कॅमेऱ्यासमोर बसा, मी पुण्यातून शिकवते." टायपिंग क्लासवाल्या एका काकांनी जुनी मशिनं काढून तिथं संगणक मांडले होते. मी पोरीला घेऊन एसटीनं जाऊ लागले.

सुरुवातीचे आठवडे वायाच गेले. मॅडम चित्रं दाखवायच्या, पडदा मध्येच थिजायचा, ओठ हलून गेल्यावर मागून आवाज यायचा. पोर टेबलाखाली जाऊन बसायची. एकदा तर तिनं हेडफोनची वायर चावली.

शेवटी मॅडमच म्हणाल्या, "चित्रं राहू द्या. घरी ती कशात रमते?"

"ज्वारीत. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून बसती."

"मग ज्वारीच आणा. आणि एखादं माप."

पुढच्या खेपेला मी ज्वारीची पिशवी, मापटं आणि परात नेली. काका हसले, पण त्यांनी टेबल मोकळं करून दिलं. मॅडम सांगतील तसं मी करत गेले. भरली मूठ मापट्यावर धरायची, पोरीचा तळहात माझ्या गळ्यावर ठेवायचा आणि म्हणायचं, "भर!" गळा थरथरला की मूठ सोडायची. पोरीचे डोळे मोठे व्हायचे. पुन्हा कर म्हणून ती माझा गळा दाबायची. मग तिचाच हात तिच्या गळ्यावर. दाणे कीबोर्डात जायचे, काका ते उलटं करून झटकायचे.

एक दिवस तिनं मापटं पुढं केलं, सगळं अंग ताणलं आणि म्हणाली, "भ."

मॅडमनी टाळ्या वाजवल्या. त्या आम्हाला जरा उशिरानं ऐकू आल्या.

घरी सासूबाई म्हणाल्या, "भ म्हणल्यानं काय व्हतंय? काहून हिंडवती पोरीला उन्हातान्हात?" पण दुसऱ्या दिवशी हे दुकानात पोरीपुढं मापटं धरून बसलेले दिसले. "म्हण बाई, भर म्हण."

पुढं 'मा' आला, 'पा' आला. 'आई'ची मी वाट बघत होते.

एकदा परळीहून परत येताना एसटीतच तिला पुन्हा झटका आला. कुणी म्हणालं चप्पल हुंगवा, कुणी कांदा शोधायला लागलं. कंडक्टरनं गाडी परळीला माघारी घ्यायला लावली. झटका थांबतच नव्हता. तिथून अंबाजोगाई. पोर वाचली. पण उजवा हात लुळा पडला, आणि आलेले सगळे आवाज गेले.

"त्या डब्यानंच खाल्ली माझी नात," सासूबाई दवाखान्याच्या ओट्यावर बसून म्हणाल्या. डॉक्टरांनी समजावलं की संगणकाचा आणि याचा काही संबंध नाही. घरात ते कुणीच ऐकलं नाही.

तरी मी तिला घेऊन परळीला गेले. मॅडम म्हणाल्या, "डाव्या हातानं बघू." तिचा डावा तळहात मी गळ्यावर ठेवला आणि म्हणाले, "भर." तिनं हात काढून घेतला. पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. मग माझ्या मांडीवर डोकं टेकून ती निपचित पडली. मॅडम नुसत्या बघत राहिल्या. मला वाटलं, पडदा थिजला. मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

आणखी काही महिने मी जात राहिले. एका सकाळी निघताना हे दारात आडवे आले. "आता बस कर. तिचे हाल बघवत न्हाईत." मी पिशवी खाली ठेवली.

आता ती मोठी झालीय. तहान लागली, दुखलं, भ्याली, तरी ती हाक मारत नाही. मी स्वयंपाकघरात असले की मधेमधे हात पुसत उठते आणि तिला बघून येते.