पाहुणे येणार म्हणून पांढरी केलेली भिंत

मित्रांनो, दुपारी पाथर्डीजवळच्या एका गावातून परतलोय आणि अजून सुन्न आहे.

ऊसतोडणीला जाणाऱ्या चंद्रकलाने समाजमंदिराच्या भिंतीवर काजळीने चित्र काढलं होतं. डोक्यावर मोळ्या घेतलेल्या बायका आणि मधोमध फडातच वारलेली तिची आई. आईचा फोटो कुठेच नाही. माझ्या सांगण्यावरून केनियाचा एक चित्रकार आज ते बघायला आला. तोही चहाच्या मळ्यांत राबणाऱ्या आपल्या माणसांची चित्रं काढतो.

पोचलो तर भिंत पांढरीशुभ्र, खाली गेरूचा पट्टा. चुना अजून ओला होता.

सरपंच खुशीत होते. "साहेब, पाव्हणं येनार म्हनून सकाळीच चकाचक केलं. आपली गरिबी कशाला दावायची?"

पाहुण्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आमच्याकडे मंत्री येणार असले की असंच करतात."

मी चंद्रकलाला विचारलं, "परत काढशील?"

"उद्या तोडीला टोळी निघती, दादा. अन् आईचं तोंड मला बी त्या भिंतीवर बघूनच आठवत हुतं."

मीही त्या चित्राचा फोटो काढला नव्हता, आजच काढणार होतो. तुमच्यापैकी कुणी त्या समाजमंदिरापुढे कधी फोटो काढला असेल, तर मागे भिंत आली आहे का, एवढं बघाल?