ओळंब्याचा हात

बाजारपेठेत त्याला सगळे ओळंबा म्हणायचे. भिंत सरळ आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. या पेंटरने काढलेली उभी रेघ तितकीच सरळ, म्हणून हे नाव. आणि ते त्याला मनापासून आवडायचं. चाळीस वर्षं त्याने दुकानांच्या पाट्या रंगवल्या. जाड पोटाची, बारीक मानेची अक्षरं, टोकाला वेलीसारखं वळण, पोकळीत एक इवलंसं फूल आणि खाली उजवीकडे तपकिरी सावली. शिंप्याची पाटी असो की चष्मेवाल्याची, बघणारा आधी अक्षर बघायचा, मग दुकान.

माणूस मात्र गोड नव्हता. त्याच्याआधी पेठेत एक म्हातारा पेंटर होता. ओळंबा ब्रश धरायला शिकला तो त्याच्याकडेच. म्हाताऱ्याचा हात कापायला लागला, तेव्हा एका दुपारी शिडीवर चढलेल्या आपल्या मास्तरांना हा भर चौकात खालून म्हणाला, "मास्तर, पाटी रंगवताय की पाटीला गुदगुल्या करताय?" सगळी पेठ खो खो हसली. म्हातारा खाली उतरला, रंगाचे डबे तिथेच सोडून घरी गेला आणि पुन्हा कधी पेठेत दिसला नाही. उरलेली अर्धी पाटी ओळंब्याने पुरी केली आणि पुढे कितीतरी वर्षं हा किस्सा तो मिटक्या मारत सांगायचा.

साठी ओलांडल्यावर त्याचा स्वतःचा हात कापू लागला. डॉक्टरांनी गोळी दिली. ती घेतली की दोन-तीन तास हात जागेवर, मग पुन्हा तेच. त्याने तडकाफडकी काम सोडलं. पेठेत सांगितलं, "आता सगळे छापील फलक लावतात. हाताच्या अक्षराची कदर कोणाला आहे?" छापील फलकांचं खरंच होतं, त्यामुळे थाप पचून गेली. बायकोला तेवढं ठाऊक होतं. ती त्याचा चहाचा कप अर्धाच भरायची, म्हणजे सांडायचा नाही. पेठेला हे कळू नये, एवढीच एक इच्छा आता त्याची उरली होती. मास्तरांना हसलेले लोक अजून आपापल्या गल्ल्यावर बसून होते.

आणि मग भाचा आला. बहिणीचा मुलगा, कॉम्प्युटरवर अक्षरं घडवण्याचं काम करणारा. म्हणाला, "मामा, तुमच्या हातची अक्षरं आता उरलीत कुठे? सगळी मुळाक्षरं, काना-मात्रा, अंक काढून द्या. मी त्यांचा फॉन्ट करतो. लोकांना सध्या जुन्या काळातलं हवंय."

मामा हरखला. आठवडाभर तो सकाळी गोळी घेऊन कागदांपुढे बसला. हात स्थिर असताना काढलेले कागद फाईलमध्ये जायचे. गोळीचा अंमल उतरला तरी त्याला राहवायचं नाही, तो काढतच राहायचा. ते कागद चुरगाळून टोपलीत. भाचा फाईल न्यायला आला, तेव्हा मामा अंघोळीला गेला होता. "मामी, टोपलीतलेही नेतो," तो म्हणाला. मामीला वाटलं, गुणी पोर, जाता जाता कचरा टाकतोय.

तीन महिन्यांत फॉन्ट सगळीकडे झाला. केकच्या खोक्यावर, लग्नपत्रिकेवर, साबणाच्या वेष्टनावर, कॉफीच्या दुकानातल्या फळ्यावर. ओळंबा इस्त्रीचा सदरा चढवून पेठेत बघायला गेला. न्हाव्याच्या नव्या पाटीसमोर उभा राहिला. वळण त्याचं, फूल त्याचं, सावलीही त्याचीच. पण प्रत्येक उभी रेघ थरथरत होती. एक अक्षर पाटीवर तीनदा आलं होतं आणि तिन्ही वेळा रेघ नेमकी त्याच जागी लचकली होती.

त्याने तिथूनच भाच्याला फोन लावला. "फाईलमधली का नाही घेतलीस?"

"ती फारच सरळ होती, मामा. तशी तर कॉम्प्युटरही काढतो. टोपलीतल्यांत जीव आहे. लोक विचारतात, हे कापरं कसं साधलं? मी सांगतो, मामांचा हातच तसा आहे."

"लोक म्हणजे कोण?"

"सगळेच. फॉन्टबरोबर माहिती दिलीय ना. तुमचा फोटोही आहे."

ओळंबा दोन आठवडे घराबाहेर पडला नाही. शेवटी चष्मेवालाच दारात आला. मास्तरांना सगळ्यात मोठ्याने हसला होता तो हाच. त्याला दुकानावरची भिंत रंगवून हवी होती, खुद्द फॉन्टवाल्या काकांच्या हातून. ओळंब्याने ठरवलं, आता पेठेला दाखवूनच देतो. सकाळी गोळी घेतली, दहाच्या सुमाराला, बाजार भरलेला असताना शिडीवर चढला आणि पहिलं अक्षर असं काढलं की गवंड्याने दोरी सोडून बघावं. इतकं सरळ त्याने तिशीतही काढलं नव्हतं.

चष्मेवाला खाली चहा पीत उभा होता. "काका, हे तर छापल्यासारखं दिसतंय. आम्हाला ते थरथरणारं हवंय. तुमचा हात कापतो ना?"

ओळंब्याने ब्रश मुद्दाम हलवून पाहिला. ते खोटं दिसलं, आणि ते खोटं आहे हे खालच्या सगळ्यांना कळलं.

"असं नाटकी नको," चष्मेवाला म्हणाला. "नेहमीसारखं येऊ द्या. पाटीला जरा गुदगुल्या होऊ द्या."

लोक हसले, तेही अगदी प्रेमाने. ओळंब्याने एक पाय खालच्या पायरीवर टाकला आणि तिथेच थांबला. शिडीवरून उतरून घरी गेलेल्या माणसाचं पुढे काय होतं, हे त्याच्याइतकं त्या पेठेत कोणाला ठाऊक होतं? "उद्या काढतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बायकोने गोळी आणि पाणी पुढे केलं. "नको," तो म्हणाला. "काम संपेपर्यंत नको." तिने त्याच्याकडे पाहिलं आणि गोळी परत डबीत टाकली.

दहा वाजता तो शिडीवर चढला. कालचं सरळ अक्षर त्याने आधी चुन्याने पुसून टाकलं. मग ब्रश भिंतीला टेकवला, आणि हाताला जे करायचं होतं ते हाताने केलं. खाली लोकांनी मोबाईल वर धरले होते.

"हां," चष्मेवाला म्हणाला, "आता जमलं."