जावईबापूंची भिंत

मला माझे भाऊजी आवडत नाहीत. थोरल्या बहिणीचा नवरा म्हणून आमच्या घराने त्यांना देव्हाऱ्यात बसवलंय. ते आले की गप्पा थांबतात, ते बसल्याशिवाय कुणी बसत नाही, आणि ते चुकीचं बोलले तरी आई मान डोलावते. माझा जळफळाट होतो, आणि तो मी कधी लपवलेला नाही.

त्यांनी हिंगणघाटला लग्नाचा हॉल बांधला आणि उद्घाटनासाठी काहीतरी चमकणारं हवं म्हणाले. मी घरी बसून कोड लिहून चित्रं बनवते, हे त्यांना तेव्हा आठवलं. एरवी त्यांच्या मते तो पोरखेळ. कित्येक दिवस राबून मी त्यांना भिंत करून दिली. म्हणजे भिंतीएवढी स्क्रीन, तिच्यावर चौकोनांची जाळी आणि खाली एक डेप्थ कॅमेरा. हा कॅमेरा चेहरे टिपत नाही, समोरचं काय किती लांब आहे तेवढं मोजतो. जवळचा माणूस लाल चौकोनांत दिसे, त्यामागचा पिवळ्या, शेवटच्या खुर्चीवरचा निळ्या. कुणी चालत पुढे आलं की त्याचे रंग बदलत जात. मला त्या भिंतीचा फार अभिमान होता. चार लोकांत कुणीतरी म्हणावं, हे हिनं केलं, एवढंच मला हवं होतं.

उद्घाटनाला भाऊजींनी माईक घेतला. "हे पुण्याच्या पोट्ट्यायकडून करून आणलं बरं का!"

टाळ्या पडल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काऊन तोंड पाडून राह्यली?" आई कुजबुजली. "जवाई हाये ते. गप राह्य."

मग भाऊजी भिंत कशी चालते ते दाखवायला निघाले. सगळ्यांच्या पुढे, थेट कॅमेऱ्याच्या तोंडाशी. इतक्या जवळचं त्या कॅमेऱ्याला मोजता येत नाही. माप शून्य येतं, आणि शून्याला मी काळा रंग दिला होता. भिंतीच्या मधोमध काळं भगदाड पडलं. भाऊजींनी हात हलवला, भगदाड हललं. ते आणखी पुढे सरकले, भगदाड आणखी वाढलं.

"बंद पडलं वाटते," कुणीतरी म्हणालं, आणि लोक हसायला लागले.

भाऊजी माझ्याकडे डोळे वटारून बघायला लागले. उपाय सोपा होता, पण आमच्या घरात जावयाला ते आजवर कुणी म्हटलं नव्हतं. आईला कॅमेऱ्यातलं काही कळत नाही, माझा चेहरा मात्र कळतो. तिनं माझा दंड घट्ट धरला.

"मागं सरका, भाऊजी!" मी हॉलभर ऐकू जाईल अशी ओरडले. "अजून. अजून मागं."

ते सरकले. भगदाड लाल चौकोनांनी भरलं. पुढच्या रांगेतली एक म्हातारी वळून माझ्याकडे बघत म्हणाली, "तुनं केलं का व हे?"

"हो," मी म्हटलं. "मीच."

घरी येताना आई गाडीत फणफणत होती. "इतक्या लोकायत जवायाले मागं सरका म्हणते?"

"म्हणते," मी म्हटलं. "आता नेहमीच म्हणीन."