पुण्याहून आलेल्या तज्ज्ञ बाई

जुन्नर भागात मी एका वृत्तवाहिनीचा कॅमेरा चालवतो. एका गावात उसाच्या कडेला बाईचा मृतदेह सापडला. वाहिनीनं मत द्यायला विद्यापीठात न्यायवैद्यक शिकवणाऱ्या बाईंना आणलं.

मृतदेह नुकताच हलवला होता. बाईंनी ओढणीनं चष्मा पुसला आणि बांधाशी उकिडव्या बसून बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या.

“बिबट्यानंच नेली वो, मॅडम. लई झालेत आमच्याकडं,” गर्दीतली एक म्हातारी म्हणाली.

बाई उठल्या आणि माझ्या कानाशी पुटपुटल्या, “बिबट्या चपला काढून बांधावर जोडीनं ठेवत नाही. मी बोलताना थोडा वेळ कॅमेरा लोकांवर ठेवा.”

कॅमेऱ्यासमोर मात्र त्या एवढंच म्हणाल्या, “शवविच्छेदनाआधी काही सांगता येणार नाही.”

संध्याकाळी मी चित्रीकरण पाहिलं. सगळे बाईंकडं बघत होते. मेलेलीचा दीर तेवढा त्या चपलांकडं टक लावून होता. चित्रीकरण पोलिसांना दिलं. चौथ्या दिवशी त्यानं गुन्हा कबूल केला.

आम्ही निघताना त्यानंच पाण्याचा तांब्या आणून दिला होता. बाईंनी तो हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. मी मात्र पोटभर प्यायलो.