दोन बोटं काच

भंडारा आणि गोंदिया असे दोन जिल्हे झाले, त्याच्या पुढच्या वर्षी मी हवालदार म्हणून फौजेतून घरी आलो. नोकरीभर गाडीच चालवली होती, त्यामुळे गावी येऊनही दुसरं काही सुचलं नाही. काही वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर काढली, मग स्वतःचा छोटा हत्ती टेम्पो घेतला. तेव्हापासून माझं पोस्टिंग सानगडीजवळच्या एका राईस मिलच्या आवारात आहे. मिलमधून तांदळाची पोती भरायची, साकोली, लाखनी, पवनी इथल्या दुकानांत उतरवायची, परत येऊन रांगेत गाडी लावायची आणि नंबर येईपर्यंत बसायचं.

सिव्हिलियन लोकांना वाटतं, ड्रायव्हरचं काम गाडी चालवणं. फौजेतल्या रंगरुटालाही हेच वाटतं. पण कॉन्व्हॉयमध्ये निम्मी नोकरी उभ्या गाडीत जाते. पुढे बर्फाने रस्ता बंद, थांबा. पूल तपासतायत, थांबा. साहेबांचा चहा व्हायचाय, तरीही थांबा. मिलमध्ये बर्फ नाही आणि साहेबही नाहीत, बाकी सगळं तेच.

थांबायचं कसं, हे मला लान्स नायक दयारामने शिकवलं. तो पवनीचा, कोष्ट्याच्या घरचा, माझा ग्राईं. फौजेत आपल्या मुलखातल्या माणसाला ग्राईं म्हणतात, आणि ग्राईं भेटला की अर्धं घर भेटतं. आमची दोघांची एकच तीनटनी गाडी होती. गाडी उभी राहिली की त्याचा ड्रिल सुरू व्हायचा. आधी गाडीभोवती एक फेरी, टायरवर एक एक लाथ. मग बुटांच्या नाड्या सैल करायच्या, मोजे बदलायचे, ओले मोजे इंजिनाजवळ वाळत घालायचे. पाठीमागे घडी केलेलं पोतं लावायचं. आणि काच दोन बोटं खाली करायची, बाहेर बर्फ पडत असलं तरीही.

काचेसाठी त्याच्याकडे खास इलाज होता. घरून येताना त्याने मागावरच्या कांड्या आणल्या होत्या. कांडी म्हणजे विणकर जिच्यावर सूत गुंडाळतात ती लाकडाची छोटी नळी. ती तो काचेच्या फटीत आडवी ठोकून बसवायचा. शेजारी बसलेल्याने थंडीला वैतागून काच वर ओढली, तरी ती कांडीपाशी अडायची.

"दयाराम, मरतो ना बे थंडीनं! काढ ते," मी ओरडायचो.

"कुडकुडून राहिला ना? कुडकुडणारा माणूस जिता असते," तो म्हणायचा आणि पुन्हा हातातल्या कामाला लागायचा.

हातात काम कायम असायचं. पोत्यांची निघालेली सुतळी तो जपून ठेवायचा आणि तिचे गोफ विणायचा. "हात खाली रायला का डोस्कं घरी पळते," असं त्याचं म्हणणं. त्याने विणलेल्या दोऱ्यांनी आम्ही माल बांधायचो. मी दोर वळायला त्याच्याकडूनच शिकलो. माझे गोफ वाकडे यायचे आणि तो ते अख्ख्या पलटणीला दाखवत फिरायचा. पक्का वात्रट माणूस होता.

एका हिवाळ्यात आमचा कॉन्व्हॉय घाटात अडकला. पुढे बर्फ कोसळलं होतं. आमची गाडी सगळ्यात शेवटी, म्हणजे टेलला होती आणि आमच्याकडे वायरलेस सेट होता. संध्याकाळी सातव्या गाडीचा ड्रायव्हर तापाने फणफणला. कॉन्व्हॉय कमांडर साहेबांनी दयारामला त्याच्या गाडीत जायला सांगितलं. दयाराम जाताना म्हणाला, "दोर पुरा करून ठेव, सकाळी पायतो." त्याची कांडी आमच्याच काचेत राहिली.

उजाडता उजाडता सेट बोलला. "टेल, गाडी नंबर सात स्टार्ट नहीं हुई. चेक करो."

"रॉजर, साब."

मी चालत गेलो. सातव्या गाडीच्या काचा पूर्ण बंद होत्या. तापलेल्या माणसाला वारा लागू नये, म्हणून बंद केल्या असणार. आत कोळशाची शेगडी होती. ती विझली होती. दोघेही एकमेकांना टेकून बसले होते आणि दोघांच्या गालांवर लाली होती. मला आधी वाटलं, गाढ झोपलेत, ऊब लागलेली दिसते. दयारामच्या खांद्याला हात लावला तेव्हा कळलं.

सेटवर मी काय बोललो ते आठवत नाही. साहेबांचा आवाज मात्र आठवतो. "वहीं रुको. मैं आ रहा हूँ." मी तिथेच उभा राहिलो. त्या दिवशी मी रडलो नाही. घरी सुट्टीवर आलो, वैनगंगेच्या पुलावर बस चढली, आणि तिथे रडलो.

हे सगळं मिलमध्ये मी कधी सांगितलं नव्हतं. फौजीने गोष्ट सुरू केली की लोक जांभया देतात, हे मला ठाऊक आहे. मी आपला गाडी रांगेत लावायचो, फेरी मारायचो, नाड्या सैल करायचो, काचेत कांडी बसवायचो आणि गोफ विणत बसायचो. तीच कांडी, घाटातली.

माझ्या शेजारी प्रभाकरची गाडी असायची. वय तिशीच्या आत, घरी म्हातारी माय, बायको आणि तिसरीतली लेक. माणूस लाखाचा, पण थांबणं त्याला जमत नव्हतं. कधी मोबाईल, कधी पानठेला, कधी मिलच्या मुनीमाशी हुज्जत. माझ्या कांडीवर त्याचा विशेष राग.

"फौजीभाऊ, एवढ्या थंडीत काच काहून उघडी ठेवता जी? आत बसून बाहेरची हवा खाता!"

"सवय आहे."

"तुमची फौज लय चमत्कारिक आहे बाप्पा."

एका वर्षी जानेवारीत तीन-चार दिवस आभाळ आलं. झिमझिम पाऊस आणि बोचरं वारं. धान भिजलं म्हणून मिल थांबत थांबत चालू होती आणि गाड्यांची रांग गेटबाहेर गेली होती. मिलच्या बॉयलरमध्ये धानाचा भुसा जळतो. त्याचा निखारा वरून राखेसारखा दिसतो, पण आत तासन् तास धुमसत राहतो. आमच्याकडे घरोघरी थंडीत असा निखारा घमेल्यात काढतात, अंगणात ठेवून धूर जाऊ देतात आणि मग खाटेखाली सरकवतात. धूर गेला की झालं, असं सगळेच मानतात. घरावर कौलं असतात, कौलांमधून हवा खेळते, म्हणून ते निभावतं. गाडीच्या केबिनला कौलं नसतात.

दुपारी जेवून मी गाडीभोवती फेरी मारली. प्रभाकरच्या केबिनच्या काचा बंद होत्या. वरच्या फटीत त्याने टॉवेलसुद्धा कोंबला होता. आत तो पाय पोटाशी घेऊन पडला होता. मी पुढे गेलो. दोन पावलांवर थांबलो आणि परत आलो. काचेवर वाफ होती, तरी त्याचा गाल दिसत होता. सगळ्या आवारात माणसं थंडीने काळीनिळी पडली होती आणि याच्या गालावर लाली होती.

"प्रभाकर! ए प्रभाकर!"

काच वाजवली. दार ओढलं, आतून लॉक. खाली पाय ठेवायच्या जागेत तेलाच्या डब्याची शेगडी, वर पांढरी राख.

माझ्या गाडीतून चाक खोलायची लोखंडी टॉमी आणली आणि पलीकडच्या बाजूची काच फोडली. लॉक उघडून त्याला बगलेत धरून बाहेर ओढला.

"अरे फौजी, का करून राहिले!" कोणीतरी ओरडलं. "भिजून जाईल ना तो! आत न्या, आत!"

"कोणी आत नेणार नाही!" माझा आवाज परेड ग्राउंडवरचा निघाला. "बाजूला व्हा. वारा येऊ द्या."

पावसात, पोत्यावर आडवा केला. कॉलर सोडली, पट्टा सोडला. छातीला कान लावला. श्वास होता, पण फार वरवरचा. मी त्याला हाका मारत होतो. काही वेळाने माझ्या लक्षात आलं, मी प्रभाकर म्हणत नव्हतो, दयाराम म्हणत होतो.

त्याला माझ्याच गाडीच्या हौद्यात घातला. ताडपत्री काढून टाकली, दोघांना त्याच्याजवळ बसवलं आणि साकोलीच्या सरकारी दवाखान्याकडे निघालो. रस्त्यात मागून हौद्यावर थाप पडली. मी ब्रेकवर पाय ठेवला. मग आवाज आला, "ओकला जी! डोळे उघडले त्यानं!" माणूस ओकला म्हणून मला आयुष्यात एवढा आनंद कधी झाला नव्हता.

डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला. संध्याकाळी प्रभाकर शुद्धीवर होता आणि डोकं फुटतंय म्हणून कण्हत होता. त्याची माय पलंगाच्या पायाशी बसली होती.

"पण धूर तं नव्हता ना भाऊ," ती मला म्हणाली. "मीच सांगत होती त्याले, धूर जाऊ देत जा म्हणून. मंग कायनं झालं?"

मी तिला समजावलं, धूर गेला तरी निखाऱ्यातून विषारी वायू निघत राहतो, त्याला ना रंग ना वास. मग पहिल्यांदाच दयारामची गोष्ट सगळी सांगितली. कोणी जांभई दिली नाही. प्रभाकर ऐकत होता. शेवटी म्हणाला, "ते कांडी मले एक देता का?"

पुढच्या फेरीत पवनीला माल उतरवला आणि दयारामच्या भावाकडे गेलो. त्याच्याकडे आता एकच माग चालू आहे, दुसरा उभा आहे तसा उभा आहे. म्हटलं, कांड्या पाहिजेत.

"कायले?"

सांगितलं. तो मागावरून उठला. मग बंद मागाखालची टोपली ओढून काढली, सगळीच्या सगळी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "यातल्या अर्ध्या त्यानंच भरल्या असतीन, पोरपणी."

आता आमच्या रांगेतल्या प्रत्येक गाडीच्या काचेत कांडी असते. कांडी हा शब्द तिथे कोणी वापरत नाही. नवा ड्रायव्हर आला आणि त्याने विचारलं, तर प्रभाकर सांगतो, "याले दयाराम म्हणतेत." कोण दयाराम, तेही सांगतो. माझ्याहून रंगवून सांगतो.

थंडीच्या दिवसांत गाड्या लागल्या की पुढून प्रभाकर हाक देतो, "दयाराम लावला का बे?" एकेका केबिनमधून उत्तर येतं, "लावला." मी मुद्दाम सगळ्यात शेवटी गाडी लावतो. माझ्यापर्यंत हजेरी येते, तेव्हा मी हातातला गोफ खाली ठेवतो, काचेतली कांडी चाचपून बघतो आणि ओ देतो.